दातांत धरलेली नळी

बायकोचे खालचे दोन दात हलायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा मी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला: ही चोरून मिसरी लावते. मला तंबाखूचा वासही खपत नाही. ती नाही म्हणाली, तर मी आणखीच चिडलो. तिची धाकटी बहीण घरी आली होती, तिच्यासमोरही बोललो. बायको खाली मान घालून भाकरी थापत राहिली.

शेवटी पारोळ्याहून धुळ्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दात राहणार की जाणार, एवढंच विचारायचं होतं. बाईंनी तंबाखू, मिसरीचं विचारलं. ती नाही म्हणाली. मी मागून म्हणालो, "लावते. लपवते."

बाई हिरडीखाली बारीक आकडी फिरवत राहिल्या. खुर्चीच्या दांड्यावर बायकोची बोटं घट्ट आवळलेली होती. मग कापसावर एक काळा कण आला.

"बघा, मिसरी!" मी जवळजवळ ओरडलोच.

बाईंनी तो चिमट्यात दाबला. तो कुस्करला नाही, नुसता वाकला. "हे प्लॅस्टिक आहे. ह्या काय चावतात?"

उत्तर मला माहीत होतं. ठिबकची काळी नळी. कपाशीत नळी फुटली की आम्ही दोघं जोडायला बसतो. टोक दातांत धर, म्हणजे हात मोकळे राहतात, हे तिला मीच शिकवलं. गेली कित्येक वर्षं ती टोकं ओढतेय, बुजलेली छिद्रं फुंकतेय. मी मात्र तोंड लावत नाही, मला ती चव आवडत नाही.

बाई म्हणाल्या, मूळ दुखणं दातांवर साचलेल्या कीटणाचं. पण डोळ्यांना न दिसणारं प्लॅस्टिकही तोंडात राहतं, त्यानंही हिरड्या बिघडत असाव्यात अशी शंका आहे, खात्री अजून नाही. एक दात वाचेल, एक काढावा लागेल. तो त्यांनी तेव्हाच काढला.

बसस्टँडवर ती तोंडात कापूस धरून बसली होती. मला तिच्याकडे बघायची लाज वाटत होती. "दुखतंय का?" मी विचारलं.

तिनं कापूस हातात काढला. "मन्ही बहीणले फोन लावा. तुम्हीच सांगा तिले, मी मिसरी लावत नही."

मी लावला. बायकोलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला. मी तोंड उघडायच्या आत मेहुणी पलीकडून हसत म्हणाली, "काय दाजी, सापडनी का मिसरी?"