वाफपात्राचं कडं

हौसा रघू घवाळी. वय अदमासे पस्तीस. राहणार मिरजोळे. हुद्दा: वाफपात्र-सफाईदार, दुय्यम श्रेणी. सही: डाव्या हाताचा अंगठा. यांत्रिक ज्ञान: निरंक.

सन १९३१ साली मांडवीच्या डबाबंदी कारखान्याच्या हजेरीबुकात हौसाची एवढी माहिती होती. कारखान्याचं भांडवल ग्लासगोचं, यंत्रं ग्लासगोची. आंबा तेवढा इथला. आमरसाचे डबे ज्या लोखंडी पात्रात वाफवत, त्याच्या झाकणाखाली रबराचं जाड कडं बसायचं. यंत्र उभारून परत जाताना साहेबानं बजावलं होतं, "याला जपा."

हौसानं जपलं. कोकणात वस्तू जपायची म्हणजे तिला खोबरेल लावायचं. मग ती कोयतीची मूठ असो, दाराची बिजागरी असो की पोराची टाळू. तिनं रोज संध्याकाळी कड्याला तेल चोळलं. तिसऱ्या आठवड्यात कडं फुगलं, मऊ पडलं आणि तुकडे हातात आले. मे महिना भरात, अंगणात आंब्याची रास, आणि झाकणातून वाफ फुसफुसत बाहेर.

कारकून जोगळेकरांनी तार केली. उत्तर आलं: नवं कडं बोटीनं निघेल, दरम्यान मुंबईचे साहेब पाहणी करतील, काम चालण्याजोगं नसेल तर यंदापुरता कारखाना बंद.

"चाळीस बायांच्या चुली माज्या तेलानं विझल्या गो," हौसा म्हणाली.

"मग आता तुपानं पेटव," गोदा म्हणाली. तीही त्या चाळिसांतलीच.

हौसाला माहेरचा मोठा टोप आठवला. त्याचं झाकण वाफ सोडायला लागलं की आई कडेनं उडदाचं पीठ थापायची. हौसानं काथ्या पिंजला, घट्ट भिजवलेल्या उडदाच्या पिठात मळला, वेटोळं करून खाचेत बसवलं आणि झाकणाचे स्क्रू आवळले. वाफ लागली तसं पीठ शिजून टणक झालं. फुसफुस थांबली.

साहेब आले. त्यांनी पीठ नखानं खरवडलं, हुंगलं आणि काहीतरी विचारलं.

"पहिलं कडं कशानं गेलं म्हणतात," जोगळेकरांनी सांगितलं.

हौसा पुढं झाली. "खरं ता सांगा, भाऊसाहेब. तेल मीच लावलंय. काढायचं तर मला काढा म्हणावं, कारखाना नको."

जोगळेकरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे वळून इंग्रजीत एकच शब्द उच्चारला. साहेबांनी कॉलर सैल केली, मानेवरचा घाम पुसला आणि जोरात मान डोलावत काहीतरी म्हटलं.

"काय सांगितलंत?"

"इथली हवा."

"आन् ते काय म्हणाले?"

"मलाही सोसत नाही म्हणाले."

हौसा मटकन पायरीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

साहेबांच्या अहवालात नोंद झाली: 'मूळ भाग स्थानिक हवामानामुळे निकामी. अधिकृत भाग प्राप्त होईपर्यंत, केवळ तात्पुरती बाब म्हणून, वनस्पतिजन्य व्यवस्थेस मंजुरी.'

अधिकृत भाग ऑगस्टात आला. आंबा जूनमध्येच संपला होता.