जुन्या गाड्यांचा ग्रुप आणि बाबांचा आवाज

"काका, आधी पान थुंका, मग बोला!"

ग्रुपवर शिंदे सरांचा हा मेसेज आला आणि पाठोपाठ हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. मलाही हसू आलं. मग गाळणी हातातच राहिली. बाबा पान खात नाहीत. आयुष्यात कधी खाल्लं नाही.

बाबांची ती व्हॉइस नोट जेमतेम दहा-बारा सेकंदांची होती. कुणाच्या तरी इंजिनचा आवाज ऐकून त्यांनी नेहमीसारखा बिघाड सांगितला होता, फक्त शब्द तोंडातल्या तोंडात घोळत होते. मी बाहेर धावले. बाबा खुर्चीत बसून फोनकडं बघत होते. ओठ एका बाजूनं जरासा उतरलेला.

मी घाबरट आहे, हे आत्ताच सांगून टाकते. कुकरच्या शिट्टीला दचकते, स्वतःच्या फोनला दचकते. पण त्या दिवशी दचकण्याचा उपयोग झाला. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. हातपाय वाचले. बोलणंही सुधारेल म्हणाले, "पण त्यांना बोलतं ठेवा. गप्प बसायची सवय लागली की अवघड होतं."

आणि बाबा गप्प बसले. घोळलेले शब्द कुणाला ऐकू जायला नकोत म्हणून फोन बंद केला, टीव्हीखालच्या खणात टाकला आणि एक वही घेतली. चहा हवा असेल तर वहीत "चहा". आईशी भांडायचं असेल तरी वहीत. दोन उद्गारचिन्हं देऊन!

जुनी गाडी असलेल्या घरात दोन गोष्टी साठत जातात: "लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेले नटबोल्ट आणि किस्से. नटबोल्ट आईनं दोनदा भंगारात घातले. किस्से राहिलेत. त्या वर्षी मी ते मुद्दाम गोळा करायचे. रोज संध्याकाळी बाबांसमोर बसून एक सांगायचा आणि बघायचं, हसता हसता एखादा शब्द निसटतो का.

*

आधी ग्रुपबद्दल. शहरातल्या वीस-बावीस जुन्या गाड्यांचे मालक. गाडीला कंपनीच्या नावानं हाक मारायची नाही, घरातलं नाव सांगायचं, हा नियम. शिंदे सरांची जीप म्हणजे "हत्ती". आमची गाडी "थोरली", कारण ती माझ्या आधी घरात आली. मी धाकटी. थोरलीला नवं कव्हर आलं की आई म्हणायची, "बघ गं, दिवाळीला तुझ्या आधी तिला कपडे!"

गाडी बिघडली की इंजिनचा आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचा आणि खाली लिहायचं, "देशपांडे काका, ऐका." बाबा सरकारी कचेरीत कारकून होते, मेकॅनिक नव्हेत. पण कान असा की छावणीतले नईमचाचा, ज्यांची हयात गॅरेजमध्ये गेली, तेही म्हणायचे, "पहले काका को सुनाव, फिर मेरे पास लाव."

ग्रुपमध्ये मी आधीपासून होते, पण नुसती वाचायला; बाबांचा फोन बंद झाल्यावर लिहायला लागले. शिंदे सरांनी स्वागत केलं, "या धाकट्या बाई! काका कधी बोलणार?"

हा प्रश्न त्यानंतर रोज यायचा.

*

ते वर्ष टँकरचं. नळाला आठवड्यातनं एकदा पाणी, तेही आलं तर. ग्रुपनं ठराव केला: गाडी धुवायची नाही, सुक्या फडक्यानं पुसायची. कुणाच्या फोटोत गाडी जास्त चमकली की शिंदे सर विचारणार, "पाणी कुठलं?"

पण रेडिएटरला तर पाणी लागतंच. एकानं फिल्टरमधून वाया जाणारं पाणी ओतलं. नईमचाचा खवळले, "जो पानी तुम नै पीते, वो गाडी कायको पिएगी?" मग त्यांनीच उपाय सांगितला. एसीच्या नळीतून ठिबकतं ते पाणी एकदम स्वच्छ, क्षार नाहीत, गाडीला चालतं.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी शिंदे सर औरंगपुऱ्यातल्या एका ऑफिसमागच्या बोळात गेले. शाळेत पीटी शिकवणारा हा धिप्पाड माणूस इकडंतिकडं बघत एसीच्या नळीखाली कॅन धरून उभा. तेवढ्यात वॉचमन आला.

"काय चाललंय?"

"काय नाय हो, वाया जातंय म्हणून जरा..."

"ते ठीक आहे. नंबर लावा."

"म्हंजे?"

वॉचमननं काठीनं भिंतीपलीकडं दाखवलं. ग्रुपमधले तिघं आपापले कॅन घेऊन सावलीत बसले होते!

हे ऐकून बाबांनी टॉवेल तोंडावर धरला. खांदे हलत होते. आवाज नाही.

*

शिंदे सरांचं वावर गारखेड्याच्या पुढं होतं. होतं म्हणजे, आता तिथं सहा मजली सोसायटी आहे. जमीन घरच्यांनी विकली, पण हत्तीला जुना रस्ता पाठ. महिन्यातनं एकदा सर तिकडं जाऊन गेटबाहेरूनच बघून यायचे. एकदा नव्या वॉचमननं थांबवलं आणि रजिस्टर पुढं केलं.

"कुणाकडं जायचं?"

"वावरात."

"कुठल्या विंगला आलं ते?"

सरांनी हसून पेन घेतलं आणि "कोणाकडे" या रकान्यात लिहिलं: विहीर.

वॉचमन प्रामाणिक. त्यानं इंटरकॉमवर चेअरमनना विचारलं, "साहेब, विहिरीकडं पाहुणे आलेत. सोडू का?"

विहीर खरंच होती. बागेच्या कोपऱ्यात, वर जाळी, जाळीवर कुंड्या. आणि त्याच आठवड्यात सोसायटीची बोअर आटली होती. दोन मिनिटांत चेअरमन स्लिपरवर पळत खाली आले, "सोड, सोड त्यांना! आणि आधी विचार, झरा कुठल्या बाजूला आहे!"

सरांनी झरा दाखवला. गाळ काढला, पाणी लागलं. हत्तीच्या काचेवर आता त्या सोसायटीचं रहिवासी स्टिकर आहे. "लई दिवसांनी घरी गेल्यासारखं वाटलं," एवढंच सर म्हणाले, आणि लगेच विचारलं, "काका बोलले का?"

बाबांनी वहीत लिहिलं: "भला माणूस." मी म्हटलं, "हे तोंडानं सांगा ना." वही मिटली.

*

एकदा नईमचाचाच अडले. गिऱ्हाइकाच्या गाडीतून घरघर येत होती आणि तीन दिवस सापडत नव्हती. त्यांनी आवाज मला पाठवला, "बेटी, काका बोलते नै तो नै सही, सुनते तो हैं ना?"

मी फोन बाबांच्या कानाशी धरला. बाबांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं. कपाळावर आठी. मग छातीवर मधोमध हात ठेवून जोरजोरात चोळला.

मी लगेच कळवलं, "बाबा म्हणतात पुढच्या बाजूला, मधोमध बघा."

संध्याकाळी ग्रुपवर फटाके फुटले. "वॉटर पंप निकला! काका उस्ताद हैं! बिना बोले!" टाळ्याच टाळ्या. मी धावत जाऊन बाबांना दाखवलं. बाबांनी शांतपणे वही ओढली आणि लिहिलं:

"बनियन टोचतंय, हे सांगत होतो."

ग्रुपला हे अजून माहीत नाही. आता कळेल.

*

रविवारी सकाळी मैदानावर ग्रुपचं टेनिस बॉल क्रिकेट. सीमारेषेवर चुना नाही, गाड्याच ओळीनं उभ्या. बाबा कायमचे अंपायर, थोरलीच्या सीटवर बसून ओरडणारे. दोन महिने ती सीट रिकामी राहिली. मग एक दिवस शिंदे सर घरी आले.

"काका, बोलू नका. हॉर्न तर दाबता येतो ना? एकदा वाजला की आउट, दोनदा वाइड. चला."

बाबा माझ्याकडं बघत राहिले, मग चपला घातल्या. सरांनीच थोरली मैदानापर्यंत नेली.

तिसऱ्या ओव्हरला जोरदार अपील झालं. बाबांनी हॉर्न दाबला. वाजला. वाजतच राहिला. अडकला होता! फलंदाज निघून गेला, पुढचा आला, हॉर्न चालूच. बॉलर ओरडला, "वाजतोय म्हणजे हा पण आउट!"

पुढचे शिंदे सर. "अरे, मी अजून बॅट टेकवली नाय!"

"अंपायरचा निर्णय अंतिम, सर! चला बाहेर!"

नईमचाचा बॉनेट उघडून वायर ओढेपर्यंत एका चेंडूत अख्खी टीम तंबूत. मी पहिल्याच सेकंदाला दचकून गाडीमागं बसले होते. तिथूनच ऐकलं. बाबा हसत होते. टॉवेल नाही, हात नाही, खळखळून, आवाजासकट!

मी उठून खिडकीशी गेले. "बाबा, काहीतरी बोला ना."

हसू थांबलं. त्यांनी मान हलवली आणि काच वर केली.

*

ग्रुपची वार्षिक रॅली ठरली: सकाळी छावणीतून निघायचं, दौलताबादच्या पुढचा घाट चढून खुलताबादला नाश्ता. थोरली येणार का, असं सगळे विचारायला लागले. मी बाबांना म्हटलं, "शिंदे सर चालवतील, तुम्ही शेजारी बसा." बाबांनी वहीत लिहिलं, "मी नाही. धाकटी चालवेल."

मी ते वाक्य तीनदा वाचलं. माझं लायसन्स होतं, पण ते कॉलेजात असताना काढलेलं आणि कपाटात नीट जपलेलं.

नईमचाचांनी शिकवायचं कबूल केलं. छावणीच्या शांत रस्त्यावर पहिल्याच दिवशी मी करकचून ब्रेक मारला. चाचांची टोपी डॅशबोर्डवर.

"क्या हुआ?"

"कुत्रा!"

चाचांनी टोपी उचलली, झटकली आणि बाहेर बघितलं. "बेटी, वो फुटपाथ पे है. सोया हुआ है. तुमको देखा बी नै उसने."

पंधरा दिवसांनी ते म्हणाले, "अब तुम अच्छा चलाती. बस, जिस चीज से डरना है, वो पहले सामने तो आने दो."

*

रॅलीच्या दिवशी आई मला म्हणाली, "घाट चढलीस की फोन कर. टँकर आला नाही तर घरीच आहे मी." बाबा गेटपर्यंत आले आणि थोरलीच्या बॉनेटवर हात फिरवला. माझ्या डोक्यावर नाही, बॉनेटवर!

पहिला अर्धा तास मी चक्क गाणं गुणगुणत होते. दौलताबादची जुनी वेस सुखरूप पार झाली. घाट लागला, पुढच्या गाड्या वळणाआड गेल्या, आणि थोरलीच्या बॉनेटमधून पांढरी वाफ आली. मी किंचाळले. इंजिननं दोन आचके दिले आणि बंद. चढावर. मागं एक ट्रक.

मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला. ट्रकवाला भोंगा वाजवून बाजूनं गेला, जाताना ओरडला, "मॅडम, बाजूला घ्या!" बाजूला घ्यायचं तर ब्रेक सोडावा लागणार. ब्रेक सोडला तर मागं उतार, उताराच्या टोकाला वळण, आणि वळणाला कठडा केवढासा!

शिंदे सरांना फोन केला. उचलला नाही. गाडी चालवताना ते फोनला हात लावत नाहीत, शाळेत त्यावर भाषण देतात. नईमचाचांना केला. त्यांचा फोन माझ्याच मागच्या सीटवर वाजला! सकाळी थोरलीचं तेल बघताना त्यांनी तिथं ठेवला होता. मी पुन्हा किंचाळले. ग्रुपवर लिहिलं, "घाटात अडकले." खाली लगेच फोटो येऊन पडले: गरम भजी, हिरवी मिरची. वर पोचलेल्यांपैकी कुणी वाचलंच नाही.

पायांना रग लागली. गाडी किंचित मागं सरकली, की मला तसं वाटलं, देव जाणे. आईला फोन लावला. रिंग जात राहिली, कट झाली. म्हणजे टँकर आला असणार. टँकर आला की आई बादल्या घेऊन पळते आणि फोन चार्जिंगला तसाच घरात राहतो.

आणि घरात फक्त बाबा.

बाबा फोन उचलत नाहीत. स्वतःचा नाही, आईचा तर नाहीच. शेजारी फोन वाजत असला तरी ते उठून गॅलरीत जातात, हे मी किती महिने बघत होते. तरी पुन्हा लावला, कारण लावायला दुसरा नंबर उरला नव्हता.

वाजत राहिला. सहा, सात, आठ.

थांबला.

पलीकडं आमच्या टेबलफॅनची खटखट आणि कुणाचा तरी श्वास.

"आई? आई, मी घाटात आहे! गाडी बंद पडलीये, चढावर, मी ब्रेक दाबून बसलेय, माझे पाय गेले गं..."

श्वास. घसा खाकरल्याचा आवाज. मग एकेक शब्द जड, घोळलेला, पण चांगला वैतागलेला:

"मग... हँडब्रेक... कशाला दिलाय?"