फोडीएवढी काळी पट्टी: आमच्या गाडीने ओमान

खट्.

माझे वडील नाशिक–त्र्यंबक टॅक्सी चालवायचे, तेव्हा डिपर हाताने नव्हे, डाव्या पायाखालच्या बटणाने द्यायचे. समोरून गाडी आली की खट्, गेली की पुन्हा खट्. मागच्या सीटवर पेंगत मी शाळेतल्या कविता त्याच ठेक्यावर म्हणत असे. तेव्हा हेडलाइटची वरची अर्धी काच काळी रंगवलेली असायची. वडील म्हणायचे, “समोरच्याचे डोळे दिपवायचे नसतात रे.”

आता मी बहात्तर वर्षांचा आहे. गेल्या वर्षी सोसायटीच्या फाटकाला गाडी घासली आणि आमचे चिरंजीव निखिल यांनी जाहीर केलं, “बाबा, गाडी विकायची. तुमचं चालवणं पुरे.” मी म्हणालो, “दुबईला गाडी उतरवतो, ओमान फिरून परत आणतो. मग बोल.” हे बोलून मी स्वतःच दचकलो. निखिल हसला, पण अट घालूनच: गाडीला ओरखडा नको, दंड नको आणि रस्त्यावर कुणाची तक्रार नको. तिन्ही जमलं तर किल्ली माझी. नाहीतर गिऱ्हाईक तयार होतंच.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. गाडीचा पासपोर्ट म्हणजे ‘कार्ने’ काढावा लागतो आणि त्यासाठी बँकेची हमी लागते. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून मिळतो. गाडी मुंबईहून कंटेनरमध्ये जाते, आपण विमानाने. आणि सगळे विसरतात ती गोष्ट म्हणजे हेडलाइट.

आपण डावीकडून चालतो, म्हणून कडेची माणसं दिसावीत यासाठी आपल्या दिव्याचा झोत डावीकडे जरा वर चढतो. तिकडे सगळे उजवीकडून चालतात. तिथे तोच चढलेला झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. काही नव्या गाड्यांत हे आतूनच बदलता येतं. आमची चौदा वर्षांची, तिला काचेवर पट्टीच चिकटवावी लागते.

नाशिकच्या वडाळा नाक्यावरच्या मेकॅनिक यासीनभाईंनी गाडी भिंतीसमोर उभी केली, खडूने रेघ मारली आणि काचेवर एक जागा बोटाने दाखवली. “काका, उजेड इथून वर चढतोय. एवढीच फोड झाकायची, संत्र्याच्या फोडीएवढी. जास्त नाय, कमी नाय.” दोन्ही दिव्यांवर त्यांनी काळ्या टेपच्या दोन फोडी चिकटवल्या आणि उरलेली गुंडाळी माझ्या हातात दिली.

पहिला दिवस, दुबई

बंदरातून गाडी बाहेर आली तेव्हा मला सासरहून आलेली लेक भेटावी तसं झालं. पुसता पुसता त्या फोडी डोळ्यांत खुपायला लागल्या. तिरक्या, ओबडधोबड. मी त्या सोलून काढल्या आणि वडिलांच्या टॅक्सीसारखी वरची अर्धी काच टेपने नीट झाकली. काय देखणी दिसली म्हणून सांगू!

“अहो, यासीनभाईंनी काय सांगितलंय?” मंगल म्हणाली. मंगल म्हणजे माझी पत्नी.

“अगं, मी टॅक्सीवाल्याचा मुलगा आहे.”

“हो, आणि मी टॅक्सीवाल्याची सून. म्हणूनच विचारतेय.”

दुसरा दिवस, हत्ता ते मस्कत

हत्ताजवळची सीमा तासाभरात ओलांडली. ओमानचा विमा तिथेच काढला. पुढे रस्ते इतके गुळगुळीत की बशीतला चहा सांडू नये. पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, आणि पंपावरच्या टपरीत वेलचीचा घट्ट चहा आणि पराठा. आमच्याकडे चिवडा आणि मंगलचे बेसनाचे लाडू होतेच.

आपलं स्टिअरिंग उजवीकडे आणि गाडीही रस्त्याच्या उजव्या कडेला, त्यामुळे पुढचा ट्रक ओलांडताना चालकाला समोरचं काही दिसत नाही. दिसतं ते डाव्या सीटवर बसलेल्याला. म्हणजे मंगलला. “थांबा... थांबा... अजून एक येतोय... आता जा!” चाळीस वर्षांच्या संसारात मी तिचं इतकं निमूटपणे कधी ऐकलं नव्हतं. चुकून डावीकडे वळू नये म्हणून मी एक ओळ रचली आणि चौथीतल्या कवितेची चाल लावली: ‘उजवी बाजू, उजवी बाजू, चुकलो तर मग विचारून लाजू.’

“पाठांतर पुरे,” मंगल म्हणाली, “चौक आलाय.”

तिसरा दिवस, निझवा ते अल हमरा

निझवाचा किल्ला पाहिला, खजुराच्या बाजारात रेंगाळलो. हजर नावाचा तिथला पर्वत आपल्या अंजनेरीसारखाच काळा, फक्त त्याच्या अंगावर एक हिरवं पान नाही. ‘अंधार पडायच्या आत मुक्कामी’ असा आमचा नियम होता. पण नाशिकच्या अंदाजाने निघालो आणि तिकडे पावणेसहालाच सूर्य गडप झाला. दुपदरी रस्ता. मी दिवे लावले. समोरचा रस्ता धड दिसेना, तरी समोरून येणारी प्रत्येक गाडी डिपर मारत होती.

“आपल्याला ओवाळतायत की काय?” मंगल म्हणाली.

एक पिकअप तर पुढे जाऊन वळली आणि मागून हॉर्न देत आम्हाला पेट्रोल पंपात घेऊन आली. माझ्याच वयाचे, पांढरा झगा घातलेले एक गृहस्थ उतरले. आमच्या गाडीची नंबरपाटी वाचली आणि हिंदीत कडाडले, “भाईसाहब, अंधा करोगे सबको? मैं तो अभी खड्डे में जाता!”

हीच ती तक्रार. निखिलची तिसरी अट.

ते मुराद. मूळचे बलुची, निझवात भाजीचा ठोक व्यापार. पिकअपमध्ये कांद्याच्या जाळीच्या गोण्या होत्या. मंगलने विचारलं, “ये प्याज किधर का?”

“नासिक का. और किधर का?”

मंगल हसली. “हम भी!”

मुरादभाईंचा आवाजच बदलला. “लासलगांव? साल में एक बार आता हूँ मैं!”

पंपाच्या पांढऱ्या भिंतीसमोर गाडी लावली. चूक लख्ख दिसली: वरचा भाग झाकून मी रस्त्यावर पडणारा उजेडच मारला होता आणि वर चढणारा झोत मोकळा सोडला होता. वडिलांची काळी काच त्यांच्या दिव्यांसाठी बरोबर होती, माझ्या नाही. मी माझी देखणी टेप सोलली. मंगलने काचेवर तळहात ठेवला. भिंतीवर तिच्या बांगड्यांची सावली पडली. हात इंचाइंचाने सरकत होता आणि आम्ही दोघे म्हातारे भिंतीकडे पाहत ओरडत होतो, “और नीचे! बाजू! बस, बस!” एका जागी भिंतीवरचा चढ पुसला गेला आणि झोत रेघेसारखा सपाट झाला. बरोबर फोडीएवढी जागा. यासीनभाईंचीच.

दोन्ही काचांवर दोन फोडी चिकटल्या. मुरादभाई म्हणाले, “अब मैं सामने से आता हूँ.” ते लांब गेले आणि वळून आमच्याकडे आले. पिकअप शेजारून गेली. डिपर नाही. मंगलने टाळ्या वाजवल्या आणि मी उभ्या गाडीत मोठ्याने कविता म्हटली. निघताना तिने लाडवांचा डबा त्यांना दिला आणि झाकणावर आमचा पत्ता लिहिला. पुढचे चार दिवस आणि परतीचा सगळा रस्ता, एकाही गाडीने आम्हाला डिपर दिला नाही.

नाशिक

महिन्याभराने गाडी घरी आली. निखिल तिच्याभोवती दोनदा फिरला. ओरखडा नाही, दंड नाही. मग मी पेट्रोल पंपाची गोष्ट सांगितली. लपवणं जमलं नसतं, मंगल होतीच.

“म्हणजे तक्रार आलीच की, बाबा,” तो हळूच म्हणाला. “गिऱ्हाईक रविवारी येतंय.” त्याने किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. अट अट असते. काचेवर टेपच्या डिंकाची फोडीएवढी खूण राहिली होती, तेवढी मी पुसली नाही.

आज रविवार. हे लिहून होत आलं तेवढ्यात बेल वाजली. निखिलने दार उघडलं, गिऱ्हाईकच समजून.

दारात पांढरा झगा, काखेत आमचाच लाडवांचा डबा. लासलगावच्या बाजारातून थेट आलेले मुरादभाई.

“आप भाईसाहब के बेटे हो?” त्यांनी निखिलला विचारलं. “जिस टॅक्सी से आया, वो मैंने लौटा दी. सुना है, तुम्हारे अब्बा से अच्छी गाडी इस शहर में कोई नहीं चलाता. मुझे वापस लासलगांव छोडेंगे?”

“तक्रार करणारेच तुमच्या गाडीत बसायला आले, बाबा,” निखिल म्हणाला. खिशात हात घातला आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.