शनी कुणाच्या दारात

दुकानाच्या आढ्याला सूर्य टांगून ठेवणारा माणूस अख्ख्या निजामाच्या राज्यात एकच होता, आणि तो आमच्या चिटगुप्प्यात किराणा विकत होता. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. सूर्य म्हणजे दीड वितीचा तांबडा भोपळा. पुड्या बांधायच्या रद्दीत त्यांना ग्रहताऱ्यांचं एक उर्दू शाळेचं पुस्तक सापडलं, आणि तेव्हापासून गिऱ्हाईक गूळ मागायचं नि अप्पा त्याला मुश्तरी म्हणजे गुरू केवढा ते सांगायचे. पुस्तकाची शेवटची पानं त्यांनी वाचायच्या आधीच हिंग बांधून दिली होती. त्यामुळे कहकशां, म्हणजे आपली आकाशगंगा, इथं त्यांचं ज्ञान थांबायचं. "आपला सूर्य म्हंजे तिथल्या कोटी-कोटी भोपळ्यांतला एक. फुडचं हिंगात गेलं," असं म्हणून ते खरोखर उदास व्हायचे.

मापात मात्र तसूभर फरक चालायचा नाही. भोपळ्याच्या मानानं पृथ्वी ज्वारीचा दाणा, दुकानापासून पन्नास पावलांवर. गुरू लिंबाएवढा, अडीचशे पावलांवर. प्रत्येक जागी चुना लावलेला दगड, त्यावर पणती, पणतीत ग्रह. पृथ्वी कोंबड्या रोज खायच्या, आणि अप्पा न चिडता रोज नवी ठेवायचे. या सूर्याच्या शेजारचा तारा कुठं, असं विचारलं की म्हणायचे, "त्यो विलायतेच्याबी पल्याड." शनी आला पावणेपाचशे पावलांवर, म्हणजे नेमका आमच्या दारात. पणतीत आवळा, आणि त्याचं कडं म्हणून माझी हिरवी बांगडी, मीच हौसेनं दिलेली. शनिवारी बायका आवळ्यावर तेल घालू लागल्या, तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

मग मला बघायला हुलसूरचे पाहुणे आले. त्यांनी रस्त्यात आमचं घर विचारलं आणि कुणीतरी सरळ सांगितलं, "ज्यांच्या दारात शनी हाय, तेच." पाहुण्यांनी तिथूनच गाडी वळवली. त्याआधीचं एक स्थळही असंच गेलं होतं. वडील तडक दुकानात गेले. मी मागोमाग. "दहा पावलं सरकवा की त्याला, अप्पा," वडील म्हणाले. "खोट्या मापानं दुकान चालत न्हाई, ब्रह्मांड कसं चालंल?" अप्पा म्हणाले. मला रडू फुटलं. "रडायलीस कामून पोरी?" असं विचारून ते भोपळ्याकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाला कुलूप. अप्पा हातात सुतळी घेऊन बाजार-बाजार, शेत-शेत भोपळे मोजत हिंडायला लागले. लोक म्हणाले, गेलं डोकं. शेवटी हळ्ळीखेडच्या एका मळ्यात हवा तसा भोपळा मिळाला, जुन्याच्या दुपटीला जरा कमी. तो बैलगाडीतून आला, कारण दोघा गड्यांनाही उचलेना. सूर्य मोठा झाला म्हणजे सगळंच लांब जाणार. अप्पांनी पुन्हा पावलं मोजली, वाटेतल्या पोस्टाजवळ कुणी बोलावलं म्हणून आकडा चुकला तर परत मागं जाऊन मोजली, आणि आमच्या दारातला आवळा उचलून तिथं मोसंबं ठेवलं. गुरू! ज्यांचा ग्रहांच्या शुभ-अशुभावर काडीचा विश्वास नव्हता त्या अप्पांनी मला गुरुबळ आणून दिलं, तेही माप खोटं न करता. हुलसूरला निरोप गेला, आणि महिन्याभरात माझं लग्न झालं.

सासरी निघाले तेव्हा गाडी ग्रहांच्या त्याच रस्त्यानं पुढं वेशीबाहेर, अप्पांच्या घरावरून गेली. दारात चुन्याचा दगड होता. त्यावर पेरू, आणि पेरूभोवती अक्कांची, म्हणजे त्यांच्या बायकोची, पाण्याच्या घागरीखालची चुंबळ. मी गाडी थांबवली. "अप्पा, हे तुमच्या दारात?"

"मग? कुणाच्या तरी दारात जायचाच त्यो," अप्पा म्हणाले. "आमच्या घरात लग्नाचं कोण हाय? बसू दे बापड्याला."

अक्का आत वळल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं, हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी ते पहिल्यांदा कळलं.

हुलसूरला माझा संसार सुखाचा झाला. सासूबाई त्याचं सारं श्रेय गुरूला द्यायच्या. मी मान डोलवायचे, आणि मनातल्या मनात चिटगुप्प्याकडे तोंड करून अप्पांना नमस्कार करायचे. अजून करते.