पहिली गाडी
लव्हेंडरचा वास आला की मँचेस्टरची शेजारीण आजी आठवते. वीसेक वर्षांपूर्वी मी मुलाकडे गेले होते, तेव्हा तिने लव्हेंडर फुललेल्या बागेत चहाला बोलावलं. ती इंग्रजीत सांगायची, सूनबाई मला मराठीत. आजीची खापरपणजी आपल्या पंथाच्या लोकांबरोबर अमेरिकेत, पंथाच्या नव्या वस्तीकडे, सामानाच्या हातगाड्या ओढत पायी निघाली होती. वाटेत तिची तान्ही लेक तापाने गेली. लांडग्यांनी उकरू नये म्हणून पुरलेल्या जागेवरून सगळ्या गाड्या नेऊन खूण पुसली. मी सूनबाईला विचारलं, “अगं, त्या आईला लांब नेलं असेल ना?” “नाही हो आई, पहिली गाडी तिनेच ओढली.” माझंही एक तान्हं लेकरू गेलं होतं; त्याला पुरायला नेलं, तेव्हा बायकांनी मला घरातच धरून ठेवलं होतं. ती जागा बघायचा धीर मला अजून झालेला नाही. त्या बाईला मात्र मी रोज मनातल्या मनात नमस्कार करते.