पोळ्याच्या दिवशीचा फिरता दांडा

पीएच.डी.चं वेळापत्रक आखताना मी सगळ्याचा विचार केला होता, फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं राहिलं. शिरपूरला आमच्या प्रयोगशाळेत दोन तऱ्हेचे उंदीर होते, साधे आणि एक जनुक काढून टाकलेले. पेशीतलं कॅल्शियम धरून ठेवणारं प्रथिन त्या जनुकामुळे बनतं. ते नसलं की उंदराचा तोल जातो, हे मला दाखवायचं होतं. म्हणून दर आठवड्याला त्यांना फिरत्या दांड्यावर चढवायचं आणि किती सेकंदांनी पडतात ते लिहायचं. आठवी नोंद शेवटची. दुसऱ्या दिवशी उंदीर मारून मेंदूचे काप घ्यायचे होते, आणि कापाच्या यंत्राची धुळ्याची तारीख मी महिनाभर विनवण्या करून मिळवली होती.

आठव्या नोंदीच्या सकाळी पोहोचले तर प्राणिघराला कुलूप. उंदरांचं दाणापाणी बघणारे आबा किल्ली कमरेला खोचून पायरीवर बसलेले. धुतलेला सदरा, कपाळाला गंध.

"आबा, उघडा."

"आज पोया शे, ताई. आज जनावरले काम लावतस नही."

"आबा, हे बैल नाहीत."

"दोन महिना व्हयनात, फिरीच राह्यनात. आज बसू द्या."

माझं डोकंच फिरलं. मी स्वतः रावेरकडच्या केळीवाल्या घरातली, पण ट्रॅक्टर आल्यापासून आमचा पोळा मातीच्या बैलांवर आलेला. माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. ते गावी बैलांना अंघोळ घालत होते. "बघ जरा समजावून," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी समजावलं, चिडले, शेवटी रडकुंडीला आले. आबा ढिम्म हलले नाहीत.

संध्याकाळी पाणी बदलायला त्यांनी दार उघडलं, तर पिंजऱ्यांसमोर ताटलीत पुरणपोळी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ठरलेल्या खाण्यात एक कण वाढला तरी सगळं मुसळ केरात.

"फक्त दखाडी. दिधी नही," आबा शांतपणे म्हणाले. "बाहेरनं खानं देवानं नही, तो कागद वाचेल शे मी." मग दारावरच्या दुसऱ्या कागदाकडे, माझ्या वेळापत्रकाकडे बोट केलं. "तो बी वाचेल शे. सकाय मारशात ना त्यासले?"

दुसऱ्या दिवशी उंदीर मारले, धुळ्याला काप घेतले. काप उत्तम आले.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी आठव्या आठवड्याच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. कारण काय? सर माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, दांडा नादुरुस्त होता. आबांवरचा राग केव्हाच गेला. पोळा होता, हे दोन शब्द त्या खोलीत माझ्या तोंडून निघाले नाहीत, त्याची चीड अजून गेलेली नाही.