तिखट हातांची सवड

आमच्या घरात बसलेलं माणूस कुणाला बघवत नसे. वडील शेवग्यावरून पडून कमरेतून अधू झाले होते, ते बाजेवर. त्यांचं बसणं देवानं लादलेलं, म्हणून ते माफ होतं. बाकी आम्ही तिघी. माय दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला जायची आणि माझी मोठी बहीण, जिला मी आक्का म्हणायची, ती सातवीतून शाळा सोडून मिरचीच्या पथारीवर. मी तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. कोरीट गावातल्या आमच्या दोन खोल्यांत सकाळी जी धावपळ सुरू व्हायची ती रात्री अंथरूण पडेपर्यंत. कुणी जरा भिंतीला पाठ टेकवली की मायच्या तोंडून निघायचं, "काय व्हयनं? ताप उना का?" ताप आला तरच बसायचं, हा आमच्या घरचा कायदा.

दीड महिन्यापूर्वी, मी शिकवते त्या शाळेत मधल्या सुट्टीत दिनेशचा, म्हणजे आक्काच्या मुलाचा फोन आला. "मावशी, माय गयी." एवढंच बोलला. मी हातातला खडू फळ्याखाली ठेवला. मुली डबे खात होत्या. मला आठवलं ते हेच, की शेवटी फोनवर बोलताना मी तिला म्हटलं होतं, "पुढच्या रविवारी नक्की येते." असे किती रविवार गेले होते ते मला ठाऊक होतं...

पथारी म्हणजे नंदुरबारच्या बाहेरची उघडी मैदानं. दिवाळीच्या सुमारास तिथं ओल्या लाल मिरच्या पसरतात आणि उन्हाळा लागेपर्यंत जमीन दिसत नाही. आक्का सकाळी टेम्पोत उभी राहून जायची, तोंडाला ओढणी गुंडाळून दिवसभर वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडायची. संध्याकाळी परत यायची तेव्हा बोटं सुजलेली, तळवे भगभगणारे. त्या हातांवर नुसतं पाणी घातलं की आग आणखी पेटते. आधी गोडेतेल चोळायचं, मग डाळीचं पीठ लावायचं आणि आग निवेपर्यंत थांबायचं. तोवर त्या हातांनी पीठ मळता येत नाही, डोळ्याला बोट लावता येत नाही, वडिलांचं अंग पुसता येत नाही. आक्का उंबऱ्यातूनच सांगायची, "मन्हा हात तिखट शेतस," आणि मागच्या दारी मोरीजवळच्या चपट्या दगडावर जाऊन बसायची. पाव तास. आमच्या घरात ताप नसताना बसायची परवानगी असलेलं तेवढं एकच माणूस होतं.

त्या पाव तासात माझंही काम असायचं. तिला स्वतःचे केस हाताळता यायचे नाहीत, म्हणून वेणी मी घालायची. चहाचा कप ती दोन्ही मनगटांत धरायची, बोटं हवेत पसरलेली ठेवून, आणि डोळे मिटायची. कुंपणावर कोरांटी होती. तिचं एखादं पिवळं फूल मी खोचायची. माझा हात जोरात पडला की न वळताच म्हणायची, "जराखं हळू व. डोकं शे ते, पेंढी नही." कधी गुणगुणायची, बहुतेक वेळा काहीच करायची नाही. तिचे खांदे खाली उतरलेले मी फक्त त्या दगडावर पाहिले.

मग तो पावसाळा आला. मी पाचवीत होते. पथारी बंद होती, पण आक्का सांगायची की एका गोदामात उरलेल्या मालाचं काम मिळालं आहे. घरी आली की तेच, हात तिखट, आणि दगड. मायला शंका आली नसावी. मला आली, कारण ओढणीला तो नाकाला झोंबणारा वास येत नव्हता आणि नखांत काळी माती होती, म्हणजे ती कुणाच्या तरी शेतात निंदत होती. एक दिवस मायनं तिला पीठ मळायला हाक मारली. आक्का म्हणाली, हात तिखट आहेत. वेणी घालता घालता मी तिचा तळवा ओढला, जिभेनं चाटला आणि ओरडले, "खोटं! तिखट नाहीत! मी चाटून पाहिलं!" मला वाटलं होतं शाबासकी मिळेल. खरं बोलावं हे शाळेत नुकतंच शिकवलं होतं ना.

माय दारात आली. ती मारेल असं वाटलं होतं, पण तिनं हात उचलला नाही. आक्काकडे बघत हळूच म्हणाली, "मी बी थकस व माय. मन्हा हात कव्हय तिखट व्हतीन?" तिचे हात कधी तिखट होणार, असं. आक्का उठली. वेणी अर्धीच होती. ती तशीच आत गेली आणि परातीसमोर बसली. त्या दिवसापासून तिनं दगडावर बसणं सोडलं. हिवाळ्यात हात खरोखर जळत असायचे तेव्हासुद्धा तेल चोळायची आणि फडक्यानं धरून भांडी उतरवायची. मी फणी घेऊन उभी राहिले की म्हणायची, "तुन्ही तू घाल." मला त्याचं फार काही वाटलं नाही तेव्हा. मला पुस्तकं होती.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी सगळीकडे सांगते, कुणाला बढाई वाटली तर वाटू दे. बी.ए. झाले, पुढं बी.एड. केलं, नोकरी लागली. बसचा पास, वह्या, परीक्षेला नेसायची साडी, सगळं आक्काच्या बोटांतून आलं. तिचं लग्न पुरुषोत्तमनगरच्या बाजूला झालं. नवरा ट्रॅक्टर चालवायचा, सासू कडक, मागोमाग दोन लेकरं. मी गेले की ती उभ्यानंच जेवायची, चुलीकडे एक डोळा ठेवून. "आक्का, बस ना." "बठसू ना व, कोठे पळी जाई ऱ्हायनी मी?" पण बसायची नाही.

एकदा आमच्या शाळेत महिलांचा मेळावा होता. मी भाषण केलं. बाईनं रोज थोडा वेळ स्वतःसाठी काढावा, जेवण बसून करावं, केसांना तेल लावावं, आवडीचं एक तरी काम करावं. टाळ्या पडल्या. आक्का शेवटच्या रांगेत होती, पिशवी मांडीवर. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुन्हं भाषण भारी व्हतं बाई. आते मन्हा घर जाईसन भाकरी कोन टाकी?" आम्ही दोघी हसलो. मी घरी येईपर्यंत हसत होते, आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं की ज्या बाईचा पाव तास मी जिभेनं चाटून संपवला, तिलाच मी वेळ काढायला सांगून आले.

गेल्या वर्षी तिची छाती भरू लागली. चार पावलांत धाप लागायची. शेवटी यंदा औषधासाठी मी तिला नंदुरबारला माझ्या घरी आणलं. ती तीन आठवडे माझ्याकडे होती. मी शाळेतून आले की साडेचारला तिला गॅलरीत खुर्चीवर बसवायची आणि फणी घ्यायची. केस विरळ झाले होते, वेणी बोटाएवढी. चहा दिला तर कप तिनं मनगटांत धरला! मिरची सोडून कित्येक वर्षं झाली होती. मला तिथंच रडू आलं आणि मी ते चाटण्याचं सगळं बोलून टाकलं. ती एवढी हसली की खोकला लागला. "ध्यानमा शे माले. माले वाटनं हाई पोर आते घाबरी. तू ते हसी ऱ्हायनती!" मग जरा थांबून म्हणाली, "तुन्हा राग नही उना माले. मी मायना तोंडकडे दखं, तव्हय समजनं... माय कव्हयच बठेल नव्हती."

तेव्हा कुठं मला आठवलं. त्या पावसाळ्यानंतर मोरीजवळच्या दगडावर कुणीतरी बसलेलं असायचंच. ती माय होती, पाय पाण्याच्या घमेल्यात टाकून. आत आक्काच्या हातच्या भांड्यांचा आवाज यायचा. दोन्ही गोष्टी मी रोज पाहत होते आणि एकत्र कधी जोडल्या नव्हत्या. एवढी हुशार मी.

"मग तू कधी बसलीस?" मी विचारलं. तिनं रिकामा कप माझ्या हातात दिला. सून बाळंत होणार होती, म्हणून ती परत गेली. मी थांबवलं नाही. मग परीक्षा, पेपर तपासणी, पाहुणे... पाच आठवडे मी गेले नाही. पाच आठवडे, आणि मध्ये फक्त पन्नास किलोमीटरचा रस्ता. ह्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. स्वतःला कितीही समजावलं तरी साडेचार वाजले की गॅलरीतली खुर्ची दिसते.

तेराव्याला रेखा, आक्काची सून, तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन माझ्याजवळ आली. म्हणाली, "मावशी, एक विचारू? आत्याबाई तुमच्याकडून आल्या तेव्हापासून रोज साडेचारला सांगायच्या, माले हाक मारू नका, मन्हा हात तिखट शेतस. घरात मिरचीचं तर काहीच काम नव्हतं. औषधाचा परिणाम होता का?" मी विचारलं, मग ती काय करायची? "मागच्या दारी खुर्ची टाकून बसायच्या. केस मी विंचरायचे. धाप लागायची तरी बसायच्याच. बाळ झाल्यावर चहा झाला की उठायच्या, पोर स्वतःकडं घ्यायच्या आणि मला म्हणायच्या, आते तू बठ. तुन्हा बी हात तिखट शेतस."

तिनं पदराच्या गाठीतून आक्काची फणी काढून मला दिली. तपकिरी, दोन दात तुटलेली, पांढरा केस अडकलेला. मी ती परत तिच्याच हातात ठेवली.

औषधाचा परिणाम नव्हता, एवढं मी रेखाला सांगितलं. माझी बहीण शेवटचे पाच आठवडे रोज पाव तास बसली.